झिजणारे शरीर, पिकणारे वय

म्हातारपणाकडे सकारात्मक दृष्टीने पाहावे, असे आज सगळेच सांगतात. या सांगण्याचे दोन अर्थ होतात आणि ते बहुधा एकमेकांत मिसळले जातात. एका अर्थाने वय वाढले तरी आपण म्हातारे झालोच नाही असे मानत राहायचे: केस काळे, चाल ताठ, मन तरुण. दुसऱ्या अर्थाने शरीर थकणार हे पुरते मान्य करायचे, आणि थकलेल्या शरीरानिशीही जगण्याला मोल आहे असे धरून वागायचे. पहिला अर्थ सोयीचा आहे, पण पहिल्या मोठ्या दुखण्यापलीकडे तो टिकत नाही. मराठी मुलखात रुजलेल्या धर्मविचाराने कास धरली ती दुसऱ्या अर्थाची.

हा विचार नीट तपासून पाहायचा तर गोंदिया जिल्ह्यासारखी जागा शोधून सापडणार नाही. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा, धानाचा, तलावांचा आणि जंगलाचा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या १३ लाख २२ हजारांच्या घरात होती. संतांचा भक्तिमार्ग, बौद्ध धम्म, गोंडांचे कोया पुनेम आणि अभिजात संस्कृत साहित्याचा वारसा या चारही धारा इथे एकमेकींच्या शेजारी नांदतात. वार्धक्याबद्दल प्रत्येकीचे म्हणणे निराळे आहे, आणि एकीची उणीव दुसरी भरून काढते.

सुरुवात सर्वांत कठोर वर्णनापासून करावी लागते. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना जन्म, मृत्यू, जरा आणि व्याधी यांतले दुःख सतत नजरेसमोर ठेवणे हे एक लक्षण म्हणून येते. मूळ श्लोकात याला अर्धीच ओळ मिळाली आहे. १२९० साली पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीत तिचा विस्तार होतो तो अंगावर काटा आणणारा. कमळाच्या पाकळ्यांशी स्पर्धा करणारे डोळे पिकलेल्या पडवळासारखे होतील, आसवांनी छाती भिजून कुजेल, आणि लाळेने बरबटलेल्या तोंडाला सरड्यांच्या वावराने माखलेल्या बाभळीच्या खोडाची कळा येईल, असे ज्ञानेश्वर सांगतात. परंपरेप्रमाणे त्यांचा जन्म १२७५ चा. म्हणजे म्हातारपणाचे मराठीतले हे सर्वांत थेट चित्र जेमतेम पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने रंगवले आहे.

या वर्णनाचा हेतू घाबरवण्याचा मुळीच नाही. ज्ञानी माणूस तारुण्यातच आपले म्हातारपण पाहून ठेवतो, आणि हातपाय, डोळे, कान शाबूत आहेत तोवर त्यांच्याकडून करून घ्यायचे ते करून घेतो, असा त्याचा रोख आहे. कीर्तनात हा भाग अनेकदा वैराग्याच्या उपदेशासाठी वापरला जातो, पण नीट वाचले तर त्यात घाई आहे, जगण्याची आणि सत्कर्माची. वार्धक्य हा साठीनंतरचा विषय नाही, तो पंचविशीतच हाती घ्यायचा विषय आहे, हे ज्ञानेश्वरांनी जितक्या स्पष्टपणे सांगितले तितके आजच्या आरोग्यविषयक पुस्तकांनाही क्वचितच जमते.

बौद्ध विचारातही जरा हे दुःखच आहे, आणि पहिल्या आर्यसत्यात तिचे नाव घेतलेले आहे. सिद्धार्थाने रथातून जाताना एक जख्ख म्हातारा पाहिला आणि तो हादरून गेला, ही कथा सर्वांना ठाऊक असते. गोंदिया-भंडारा पट्ट्यात मात्र तिचे दुसरे वाचनही घरोघर पोचलेले आहे. १९५४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले. तेव्हा आजचा गोंदिया जिल्हा त्याच भंडारा जिल्ह्यात होता. त्यांच्या पश्चात १९५७ साली निघालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी ही पारंपरिक कथा नाकारली. एकोणतीस वर्षांच्या माणसाने त्याआधी कधीच म्हातारा, आजारी किंवा मेलेला माणूस पाहिला नसेल, हे बुद्धीला पटत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. गृहत्यागाचे कारण त्यांनी शाक्य आणि कोलिय यांच्यातल्या रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्यात शोधले.

वार्धक्याच्या प्रश्नाला या बदलाने वेगळेच वळण मिळते. जुन्या कथेतला म्हातारा हा पळून जाण्याचे निमित्त ठरतो. आंबेडकरांच्या मांडणीत म्हातारा माणूस आधीपासून घरात, गल्लीत, शेतात आहेच. त्याचे असणे नित्याचे आहे, आणि दुःखाचे मूळ माणसामाणसांतल्या व्यवहारात पाहायचे आहे. सुरकुत्यांवर उपाय नाही, पण म्हाताऱ्या आईच्या ताटात शेवटी काय उरते यावर आहे. धम्माने दुःखाला माणसाच्या वागण्याशी जोडले म्हणूनच तो आशादायी ठरतो.

आता या चित्राची दुसरी बाजू. आमगावजवळचे पद्मपूर हे संस्कृत नाटककार भवभूतीचे मूळ गाव, असे म. म. वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केले, आणि जिल्ह्याने ते अभिमानाने स्वीकारले. आमगावच्या महाविद्यालयालाही भवभूतीचे नाव आहे. आठव्या शतकाच्या पूर्वार्धात कनौजच्या यशोवर्म्याच्या आश्रयाला गेलेल्या या कवीने ‘उत्तररामचरित’ लिहिले. त्याच्या पहिल्या अंकात सीता रामाच्या दंडावर डोके ठेवून झोपी जाते, आणि तिच्याकडे पाहताना राम प्रौढ प्रेमाबद्दल बोलतो. सुखदुःखात एकच राहणारे, सर्व अवस्थांत सोबत करणारे, हृदयाला विसावा देणारे आणि म्हातारपणाला ज्याची गोडी हिरावून नेता येत नाही असे प्रेम भाग्यानेच मिळते, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. काळ जाईल तसे संकोचाचे पडदे गळतात आणि मागे निखळ जिव्हाळा उरतो.

वयाबरोबर काय पिकते, याचे इतके नेमके उत्तर भारतीय साहित्यात दुसरे शोधावे लागेल. पण भवभूती भोळा नाही. हे शब्द रामाच्या तोंडून निघतात न निघतात तोच लोकापवादाची बातमी येते, आणि त्याच सीतेला वनात सोडण्याचा निर्णय होतो. पुढे बारा वर्षांचा विरह आहे. पिकलेले प्रेम काळ घडवतो, पण ते जपणे माणसांच्या हाती असते, आणि माणसे ते गमावूही शकतात. चाळीस-चाळीस वर्षांचे संसार आहेत, ज्यांत पडदे गळण्याऐवजी भिंती उभ्या राहिल्या. नुसते वर्षे मोजून जिव्हाळा जमा होत नाही.

याच नाटकाच्या चौथ्या अंकात वृद्ध अरुंधती सीतेविषयी बोलताना एक तत्त्व सांगते: गुणवंतांच्या ठायी पूजेला पात्र असतात ते गुण, तिथे स्त्री की पुरुष आणि वय किती हे पाहायचे नसते. वयाने मोठी असलेली स्त्री वयाचा मान बाजूला ठेवून हे बोलते, म्हणून त्याला वजन आहे. आपल्याकडे वडीलधाऱ्यांचा आदर हा संस्कार मानला जातो आणि तो योग्यच आहे. पण केवळ वय झाले म्हणून प्रत्येक शब्द प्रमाण, ही अपेक्षा घरात कटुता पेरते. ज्येष्ठाची काळजी घेतली जाणे हा त्याचा हक्क आहे, त्याच्या मताला मान मिळणे ही त्याने टिकवायची गोष्ट आहे. हा फरक ज्यांना उमगतो त्यांचे म्हातारपण हलके जाते. सुनेच्या स्वयंपाकघरात आणि मुलाच्या शेतीच्या निर्णयात विचारल्यावरच बोलणारी सासू किंवा सासरा स्वतःचा मान आपोआप वाढवतो, हे कुठल्याही गावात दिसते.

आश्रमव्यवस्थेने याच अडचणीवर तोडगा काढला होता. अंगावर सुरकुत्या आणि डोक्यावर पांढरे केस दिसू लागले, नातवाचे तोंड पाहिले, की गृहस्थाने वनाची वाट धरावी, असे मनुस्मृतीचा सहावा अध्याय सांगतो. सत्ता, किल्ल्या आणि निर्णय पुढच्या पिढीच्या हाती सोपवावेत, हा त्यातला सुज्ञ भाग. पण ज्या जिल्ह्यात खरेच वन आहे, तिथे ही कल्पना जरा चमत्कारिक वाटते. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांत जंगल हे संसार सोडून जाण्याचे ठिकाण कधीच नव्हते, ते संसार चालवण्याचे ठिकाण आहे. उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहफुले गळू लागली की पहाटे टोपली घेऊन निघणाऱ्यांत डोकरीही असतात. झाडाखालचा पालापाचोळा आधीच साफ केलेला असतो, म्हणजे फुले मातीत हरवत नाहीत. वाकून एकेक फूल वेचायचे, उन्हे चढायच्या आत घरी आणायचे आणि अंगणात वाळत घालायचे. कोणत्या झाडाचा मोह आधी गळतो, यंदा बहर का कमी आहे, हे या बायकांना विचारावे. मनूच्या वनात माणूस घरातून निवृत्त होऊन जातो, इथल्या वनात तो शेवटपर्यंत घरासाठी जातो. गरिबीमुळे जावे लागते हेही खरे, आणि त्याला तत्त्वज्ञानाचा मुलामा देऊ नये. तरीही आपण अजून घराला उपयोगी आहोत ही जाणीव त्या टोपलीतून घरी येते, हे नाकारता येत नाही.

वानप्रस्थाला आधुनिक अर्थ देण्याचे काम विदर्भातच झाले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या ‘ग्रामगीते’त आश्रमधर्मावर स्वतंत्र अध्याय आहे, आणि उतारवयातला मोकळा वेळ त्यांनी गावाच्या सेवेला जोडला. त्यांच्या प्रेरणेने सुरू झालेल्या गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेत विदर्भातल्या गावोगावच्या ज्येष्ठांना संध्याकाळची हक्काची जागा मिळाली. रोज एका ठरावीक वेळी आपली वाट पाहणारी चार माणसे असणे, हे औषधाइतकेच मोलाचे आहे.

निवृत्तीनंतरचे आयुष्य कसे फळते याचे ठसठशीत उदाहरण याच जिल्ह्यातल्या नवेगाव बांधशी जोडलेले आहे. १९३२ साली सोलापुरात जन्मलेले मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून इथे राहिले. अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे सांगितले जाते, त्या इथल्या तलावाच्या काठी त्यांनी पक्षी, झाडे आणि मासे यांचा अभ्यास केला, आणि गावच्या माधवराव पाटलांसारख्या जाणत्यांकडून जंगल शिकून घेतले. १९९० मध्ये ते सेवानिवृत्त झाले. त्यांचा ‘पक्षिकोश’ आला तो २००२ मध्ये, वयाच्या सत्तरीत. २००६ च्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद, आणि २०२५ मध्ये, ब्याण्णवाव्या वर्षी, पद्मश्री. त्याच वर्षी १८ जूनला ते गेले. कोशाचे काम हे मुळात उतारवयाचेच काम आहे. त्याला आधी चाळीस वर्षांचे पाहणे लागते, मग बसून लिहिण्याचा धीर लागतो, आणि बढतीची आशा संपलेली असावी लागते. तरुण माणसाला ते करता येत नाही, कारण त्याच्याकडे अजून पुरेसे मागे वळून पाहण्यासारखे साठलेले नसते.

गावपातळीवरची उदाहरणे कमी प्रसिद्ध आहेत, पण त्यांची जात तीच. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या जुन्या मालगुजारी तलावांत बेशरम नावाची वनस्पती माजली आणि देशी मासे कमी झाले, तेव्हा ढिवर समाजाच्या मच्छीमारांनी ती काढून पाण्यात पुन्हा देशी वनस्पती लावल्या. कोणत्या तलावात पूर्वी कोणता मासा मिळे आणि तो कोणत्या वनस्पतीच्या आडोशाला अंडी घाली, हे कुठल्या कार्यालयात लिहून ठेवलेले नव्हते. ते जुन्या माणसांच्या डोक्यात होते. धानाचेही तसेच. पऱ्हे टाकल्यावर पाऊस दडी मारतो, मग रोवणी किती दिवस थांबवायची, कोणत्या बांधीचे पाणी कोणत्या धुऱ्याने सोडायचे, याचा निर्णय घेताना अजूनही खाटेवर बसलेल्या आजोबांना विचारले जाते. त्यांना चिखलात उतरता येत नाही, आणि तरीही त्यांच्यावाचून शेत अडते.

गोंड परंपरा या उपयोगाच्याही पलीकडे जाते. सालेकसा तालुक्यातल्या कचारगडच्या गुहेत माघ पौर्णिमेला मोठी यात्रा भरते. गुहेत कोंडलेल्या मुलांची सुटका करून कोया पुनेमचा आद्य गुरू मानल्या जाणाऱ्या पारी कुपार लिंगोने त्यांना गोत्रांची आणि सगांची व्यवस्था घालून दिली, अशी तिथली कथा आहे. या विचारात माणूस मरून संपत नाही, विधिपूर्वक तो पूर्वजांत, ‘पेन’मध्ये सामावतो. अशा समाजात म्हातारा होणे म्हणजे पूर्वज होण्याच्या जवळ जाणे. आयुष्याचा उतार असे त्याला म्हणताच येत नाही, कारण पुढची पायरी वरची आहे. वैदिक गृहस्थाश्रमही वाढत्या वयाला विधींनी सामोरा जातो: त्यात पन्नाशीनंतर दर पाच वर्षांनी वयोवस्था शांती सांगितल्या आहेत. साठीला उग्ररथ शांती, सत्तरीला भैमरथी, आणि एक हजार पौर्णिमा पाहून झाल्या की, म्हणजे सुमारे एक्क्याऐंशीव्या वर्षी, सहस्रचंद्रदर्शन. शांती करायची म्हणजे भय आहे हे कबूल करायचे, आणि त्याच दिवशी नातवंडांच्या हातून ओवाळूनही घ्यायचे. भय आणि आनंद एकाच पाटावर बसवणारी ही रीत फार समंजस आहे. मात्र ती ज्या घरांना परवडली त्यांच्यापुरतीच राहिली.

आधुनिक संशोधनानेही या दृष्टीला आधार दिला आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या एका गावात १९७५ मध्ये पन्नाशी ओलांडलेल्या लोकांना त्यांच्या वाढत्या वयाबद्दल काय वाटते हे विचारले गेले होते. येल विद्यापीठाच्या बेका लेव्ही आणि सहकाऱ्यांनी त्यांतील ६६० जणांचे पुढचे आयुष्य तपासले आणि २००२ मध्ये निष्कर्ष मांडला: स्वतःच्या म्हातारपणाबद्दल बरे मत असणारे लोक इतरांपेक्षा सरासरी साडेसात वर्षे अधिक जगले. आरोग्य, आर्थिक स्थिती आणि एकटेपणा यांचा परिणाम वजा करूनही फरक उरला. निष्कर्ष महत्त्वाचा आहे. पण त्यावरून, दुःखी म्हाताऱ्याने आपले आयुष्य आपल्याच विचारांनी कमी केले, असे म्हणणे क्रूरपणाचे ठरेल. मत हवेत तयार होत नाही. भोवतालचे लोक म्हाताऱ्यांशी कसे वागतात हे बालपणापासून पाहूनच ते बनते.

पैशाचाही त्यात मोठा वाटा आहे. श्रावणबाळ योजनेचे मानधन २०२३ मध्ये वाढून महिना १,५०० रुपये झाले. ७५ वर्षांवरील नागरिकांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे. लेकीच्या गावच्या मंडईच्या जत्रेला, दिवाळीनंतर दंडारीचे लोकनाट्य पाहायला, कोणापुढे हात न पसरता जाता येणे ही आजीसाठी लहान गोष्ट नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने निर्वाह मागण्याचा हक्क दिला. त्याच्या कलम २३ नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर शेत किंवा घर नावावर करून दिले असेल आणि सांभाळ होत नसेल, तर ते हस्तांतरण रद्द ठरवता येते. अट कागदात लिहून घ्यायला संकोच वाटतो, आणि तो संकोचच पुढे महागात पडतो. मनूने किल्ल्या सोपवायला सांगितल्या. सोपवताना आपल्यापुरता आसरा राखून ठेवणे हेही शहाणपणच आहे.

एवढे सगळे असूनही एक अवस्था उरते, जिथे उपयोग संपतो. आठवण जाते, अंथरुणातून उठता येत नाही, दुसऱ्याच्या हातून धुऊन-पुसून घ्यावे लागते. सकारात्मक दृष्टीची खरी परीक्षा इथे होते, आणि ‘कामात राहा’ हा उपदेश इथे निरुपयोगी ठरतो. महापरिनिब्बान सुत्तात ऐंशी वर्षांचे बुद्ध आपल्या शरीराला पट्ट्यांनी बांधून कसेबसे चालवलेल्या जुन्या गाड्याची उपमा देतात. कुसिनाऱ्याच्या वाटेवर ते थकून एका झाडाखाली थांबतात, शिष्य आनंदाला चीवराची चौपदरी घडी घालायला सांगतात आणि प्यायला पाणी मागतात. नुकत्याच गेलेल्या गाड्यांनी ओढा गढूळ झाला आहे असे आनंद म्हणतो, तरी ते पुन्हा पाणीच मागतात. मागण्यात त्यांना काही कमीपणा वाटत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचे केलेल्या माणसाला, विशेषतः बाईला, स्वतःसाठी पाणी मागणे जड जाते. घेणे हासुद्धा एक धर्म आहे, आणि तो शिकायला म्हातारपणाखेरीज दुसरी शाळा नाही.

शेवटचा प्रश्न मरणाचा. पवनारला विनोबा भाव्यांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये हृदयविकारानंतर अन्न, पाणी आणि औषध नाकारले, आणि १५ तारखेला सत्त्याऐंशीव्या वर्षी देह ठेवला. जैनांच्या सल्लेखनेला जवळचा हा मार्ग सर्वांना पेलणारा नाही, आणि तसा तो सांगूही नये. पण उपचार कुठे थांबवायचे हे ठरवण्याचा अधिकार आता सामान्य माणसालाही आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालाने आगाऊ वैद्यकीय निर्देशाला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची रीत सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित केलेला कागद पुरतो. बरे होण्याची आशा नसताना कृत्रिम श्वासावर ठेवायचे की नाही, हे त्यात लिहिता येते, आणि आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्या माणसांची नावेही. त्या माणसांशी शुद्धीत असतानाच बोलून घ्यावे, कारण अतिदक्षता विभागाच्या दारात उभ्या असलेल्या मुलाला त्या घटकेला कागदापेक्षा आईच्या तोंडचे शब्द आठवत असतात.